वाळूविना प्रवाळपेटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तांबरम येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव पुकारले गेले तेव्हा सभागृहात जी थोडी कुजबुज झाली ती आमच्या कानांवर आली. सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत तंजावरच्या भोसल्यांवर बोलावे, मोडी दप्तरांवर बोलावे, हे शोभून दिसते. तेथे माशांची काचेची पेटी, आणि तीही तळाला वाळू नसलेली, हे काय प्रकरण, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु तांबरम, क्रोमपेट, पल्लावरम या पट्ट्यातील आपल्या कुटुंबांतून समुद्री मत्स्यपेटीचा छंद हळूहळू पसरत आहे. कोळत्तूरच्या मत्स्यबाजारातून आणलेल्या गोड्या पाण्यातील माशांवर ज्यांची हौस भागेनाशी झाली, असे तरुण आमच्याकडे येतात आणि बहुधा पहिलाच प्रश्न विचारतात की, तळाला वाळू किती इंच घालावी? मुळीच घालू नये, असे आमचे उत्तर असते. ते ऐकून त्यांचा चेहरा पडतो. वाळू नाही तर समुद्र कसला, असे त्यांना वाटते. त्या उत्तरामागची कारणे उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाहीत, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्दाचा एक घोटाळा दूर करू. पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंगळाच्या अंगठीतील तांबडा खडा येतो. तो खडा ज्या जीवाचा, तो प्रामुख्याने भूमध्य समुद्रातला; उन्हाची गरज नसलेला आणि खडक न बांधणारा. आज आपण ज्या प्रवाळाविषयी बोलत आहोत तो निराळा. तो उथळ, उष्ण, स्वच्छ समुद्रात वाढतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. यजमान चुन्याचा सांगाडा घडवीत जातो आणि शतकानुशतके अशा सांगाड्यांवर सांगाडे चढून प्रवाळभित्ती तयार होते. आपल्याला सर्वांत जवळची मोठी प्रवाळसृष्टी म्हणजे मन्नारचे आखात. रामेश्वर ते तूत्तुकुडी या दरम्यान एकवीस लहान बेटांची रांग आहे. १९८६ मध्ये तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८९ मध्ये त्या सर्व परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रही या बाबतीत अगदीच कोरडा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली घोषित झाले, प्रवाळ आहेत. आणि विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात जो बुडालेला उंचवटा आहे, त्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. त्या उंचवट्याचे नाव आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचे नाव आरमाराच्या इतिहासाबाहेर असे समुद्राच्या नकाशावरही कोरले गेले आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

या भित्तींच्या कुशीत पांढरी शुभ्र वाळू असते, हे खरे आहे. पण ती येते कोठून? पोपटमासा नावाचा मासा आहे. त्याचे दात एकमेकांत मिसळून चोचीसारखे झालेले असतात. शैवाल खाण्यासाठी तो मृत प्रवाळाचा खडक अक्षरशः कुरतडतो, घशातील दुसऱ्या दातांनी त्याचे पीठ करतो, आणि न पचलेला चुना मागे टाकीत पुढे जातो. एक मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू निर्माण करतो. लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवरील डोळे दिपवणारी वाळू पुष्कळ अंशी अशा जीवांच्या पोटातून, तसेच चुनखडी धारण करणाऱ्या शैवालांतून आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्यातून आलेली आहे. सारांश, प्रवाळभित्तीवरची वाळू म्हणजे बहुतांशी प्रवाळाची आणि त्याच्या शेजाऱ्यांची हाडे होत.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. मरीनाची किंवा कोवळमची वाळू पेटीत चालत नाही, कारण ती मुख्यतः गारगोटीची असून तिच्यात काळी जड खनिजे मिसळलेली असतात. मग हौशी मनुष्य बाजारात जातो आणि त्याला ‘प्रवाळवाळू’ म्हणून पांढरी भरड रेती दाखवली जाते. नावातच तिचे कूळ सांगितलेले आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळ आहे. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची मांडणी नव्याने झाली, पण प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. हे संरक्षण केवळ जिवंत प्राण्यापुरते नसते. वाघाचे कातडे घरात ठेवता येत नाही, तसाच प्रवाळाचा सांगाडाही नाही. तेव्हा पिशवीतील ती रेती कोणत्या समुद्रातून, कोणाच्या परवानगीने आली, याचा कागद विक्रेत्याकडे नसेल तर ती घेणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. परदेशी पुस्तकांत जिवंत खडक, म्हणजे समुद्रातून उचललेले जीवयुक्त प्रवाळखडक, पेटीत रचण्याचा सल्ला सर्रास असतो. तो सल्ला येथे लागू पडत नाही. परदेशातून प्रवाळ आणणेही सोपे नाही. कारण सर्व कठीण प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

कायद्याचा हा धाक कोणाला जाचक वाटेल. परंतु मन्नारच्या आखातात दीर्घकाळ प्रवाळाचे खाणकाम चालले होते. चुन्यासाठी, बांधकामासाठी, कारखान्यांसाठी होड्या भरभरून प्रवाळ काढले गेले. त्या एकवीस बेटांपैकी दोन बेटे आज पाण्याखाली आहेत आणि त्यामागे हे खाणकाम मोठे कारण मानले जाते. भिंत खणली की आतले घर लाटांच्या तोंडी जाते, इतके ते सरळ आहे. त्यावर १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र अतोनात तापून प्रवाळ पांढरे पडले. अशा वेळी त्यांच्या अंगातील शैवाल निघून जाते, आणि उष्मा लवकर उतरला नाही तर ते उपासमारीने मरतात. या पार्श्वभूमीवर आपल्या दिवाणखान्यासाठी तेथील एक मूठही आणू नये, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही कोणाच्या भिडेने सौम्य करणार नाही.

मग पेटीत ठेवायचे काय? कठीण प्रवाळांचा नाद सोडावा. पेटीत पैदास झालेले विदूषक मासे आता मिळतात. मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने अशा शोभेच्या समुद्री माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवण्यात मोठे काम केले आहे. त्यांच्या जोडीला कोळंबीच्या काही जाती, शंख, आणि ज्यांचा उगम कागदोपत्री दाखवता येतो असे बटणासारखे मऊ जीव. घेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी, हे उत्तम. या मऊ जीवांपैकी काहींच्या अंगात अत्यंत जहाल विष असते; त्यांना उघड्या हातांनी खरवडू नये आणि त्यांच्यावर उकळते पाणी तर कदापि ओतू नये, कारण त्या वाफेने माणसे रुग्णालयात गेल्याची उदाहरणे आहेत.

आता वाळूकडे निव्वळ शास्त्राच्या अंगाने पाहू. कारण कायदेशीर वाळू मिळाली, तरीही आमचे उत्तर तेच राहील.

मद्रासच्या मरीनावर १९०९ साली समुद्री मत्स्यालय उघडले, ते देशातील आद्य मत्स्यालयांपैकी एक. त्याच्या पाठीशी एडगर थर्स्टन यांची प्रेरणा होती. हे गृहस्थ मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक होते आणि रामेश्वर व मन्नारच्या जीवसृष्टीवर त्यांनी लिहिलेही होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. ही दोन्ही समुद्राच्या काठावर. पाणी बिघडले तर नवे पाणी हाताशी. घरच्या पेटीला ती सोय नाही. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर पेटी चालवण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी खडक, जोरदार दिवे आणि फेस काढणारे यंत्र यांची सांगड घातली. त्यांच्यापैकी डीट्रिश श्ट्यूबर यांच्या पेटीतील एका प्रवाळाच्या फांद्यांचे तुकडे हातोहात कितीतरी पेट्यांत जाऊन वाढले. फ्रान्समध्ये झाँ जोबेर यांनी १९८० च्या दशकात नेमकी उलट वाट धरली. तळाशी जाळी, तिच्याखाली पाण्याची पोकळी आणि वर वाळूचा जाड थर. त्यानंतर अमेरिकेत चार-सहा इंच बारीक वाळूची लाट आली. पुष्कळ पेट्या काही वर्षे उत्तम चालल्या. मग कित्येकांत शैवाल माजले, आणि लोक पुन्हा उघड्या तळाकडे वळले.

वाळूच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. जीवाणू त्याचे नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. आणि वाळूच्या खोल थरात, जेथे प्राणवायू पोचत नाही तेथे, दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन करून टाकतात. पण याच थराच्या आणखी खाली गंधकाचा विषारी वायू तयार होतो आणि वाळू काळी पडते. शिवाय नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, तसे फॉस्फेटचे होत नाही. ते वाळूच्या कणांना चिकटून साठत जाते. समुद्रात वाळूला लाटा ढवळतात, काकड्या चाळतात, वादळे उलथीपालथी करतात, आणि वर मैलोगणती पाणी असते. आपल्या २०० लिटरांच्या पेटीत यातले काहीच नाही. तेथे वाळू म्हणजे न उपसलेली मोरी. वरून पांढरी दिसते इतकेच.

सारवलेल्या अंगणात पान पडले तर लगेच दिसते, गवतात पडलेले दिसत नाही. उघड्या तळाचा सगळा गुण एवढ्यात आला. घाण दिसते, म्हणून ती काढली जाते. कोणी म्हणतात की उघड्या तळाच्या पेटीत घाण फार होते. ती तेवढीच होते. फक्त लपत नाही. आणि लपलेली घाण नंतर काढणे किती अवघड, ते एका हिशेबाने दिसेल. पाण्यात नायट्रेट २० भाग असेल आणि आपण दहावा हिस्सा पाणी बदलले, तर ते १८ वर येते. एवढ्या खटपटीला एवढेच फळ. त्याउलट माशांची विष्ठा व उरलेले खाद्य सडण्यापूर्वीच नळी लावून ओढून काढले, तर त्याचे नायट्रेट होतच नाही.

आता रचना सांगतो. तळाच्या काचेवर भाजी चिरण्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिक पाटासारखा जाड पत्रा बसवावा. खडक घसरला तर काच वाचते. खडक घरीच करावा. सिमेंट, कुटलेले शिंपले आणि जाडे मीठ एकत्र कालवून गोळे करावेत. ते घट्ट झाल्यावर पाण्यात टाकले की मीठ विरघळते आणि खडक जाळीदार होतो. असा खडक कित्येक आठवडे, पाणी पुनःपुन्हा बदलीत, भिजत ठेवावा लागतो. नाही तर सिमेंटचा तीव्र क्षार पेटीतील जीव मारतो. येथे घाई करणारे फार. खडक थेट तळावर न ठेवता नळ्यांच्या पायांवर थोडा उचलून ठेवावा, म्हणजे खालूनही प्रवाह जातो. वाळू असली की जोराचा पंप लावता येत नाही, ती उडून सगळीकडे पसरते. उघड्या तळावर तासाला पेटीच्या तीस-चाळीस पट पाणी फिरेल इतके पंप निर्धास्त लावता येतात. मऊ जीवांवर मात्र थेट झोत येऊ देऊ नये. पंपांची तोंडे अशी वळवावीत की सर्व कचरा एका कोपऱ्यात जमेल. वरण उकळताना फेस येतो आणि गृहिणी तो पळीने काढून टाकते. फेस काढणारे यंत्र, ज्याला स्किमर म्हणतात, नेमके तेच करते. खाद्य आणि विष्ठेतील द्रव्ये बारीक बुडबुड्यांना चिकटतात आणि वरच्या कपात तपकिरी पाणी होऊन साठतात. त्याची दुर्गंधी येते याचा अर्थ यंत्र चालू आहे.

पाण्याचे म्हणाल तर तांबरमच्या कूपनलिकेचे पाणी जड असते. ते उलट परासरणाच्या यंत्रातून काढल्याशिवाय वापरू नये. समुद्राचे पाणी आणावे, असे काहीजण सुचवतात. ऐप्पसी-कार्तिगैच्या पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याची क्षारता उतरते, आणि कूवम व अड्यारच्या मुखांविषयी न बोललेले बरे. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात तयार समुद्री मीठ घालावे. २०० लिटरांच्या पेटीला सात-आठ किलो लागते. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी.

आपल्या गावी खरी परीक्षा उन्हाची आणि विजेची. पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे, आणि अग्निनक्षत्राच्या दिवसांत खोलीच ३५ वर जाते. पंख्याने बाष्पीभवन होऊन दोन-तीन अंश उतरतात, पण किनारपट्टीच्या दमट हवेत तोही उपाय लंगडा पडतो. पाणी थंड करणारे यंत्र परवडत नसेल तर हा छंद करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. वीज गेली की काय होते, हे तांबरमकरांना शिकवायला नको. १ डिसेंबर २०१५ च्या पावसात येथे चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाणी पडले, मुडिच्चूरच्या वस्त्या बुडाल्या. पुढच्याच वर्षी १२ डिसेंबरला वरदा वादळाने झाडे आणि खांब दोन्ही आडवे केले. अशा वेळी मत्स्यपेटी ही शेवटची चिंता असावी, हे उघड आहे. परंतु एरवीच्या पाच-सात तासांच्या खंडातही दोन पेट्यांतला फरक कळतो. २७ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. प्रवाह थांबला की वाळूतील असंख्य जीवाणू आणि किडे माशांच्या आधी त्याच्यावर हात मारतात, आणि थराच्या तळचे विष वर सरकू लागते. उघड्या तळाच्या पेटीत श्वास घेणारी तोंडे कमी. विजेरीवरचा लहान हवापंप तेवढा वेळ तिला सावरून धरतो.

या पद्धतीत उणिवा आहेत. पहिले काही महिने तळ भकास दिसतो, त्यावर तपकिरी थर धरतो आणि घरातील मंडळी नाके मुरडतात. पुढे गुलाबी चुनखडी शैवाल पसरते आणि पांढरा पत्रा दिसेनासा होतो. नायट्रेट नाहीसे करणारा वाळूचा थर नसल्यामुळे खाद्य मोजून घालावे लागते, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावेच लागते. उलट काही उत्साही मंडळी इतकी सफाई करतात की पाण्यात पोषण उरत नाही. मऊ जीव फिकट पडतात आणि चिकट तपकिरी सूक्ष्मजीव माजतात. थोडे नायट्रेट, किंचित फॉस्फेट असू द्यावे. वाळूत राहणारे किडे आणि सूक्ष्म कवचधारी जीव या पेटीत कमी असतात, ही उणीव आम्हांला खरी बोचते. पेटीच्या खालच्या टाकीत दिवा लावून दोऱ्यासारखे हिरवे शैवाल वाढवले तर त्यात त्यांना आसरा मिळतो, आणि वाढलेले शैवाल कापून फेकले की त्याच्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर जाते.

एक प्रश्न व्याख्यान सुरू होण्यापूर्वीच एका चिरंजीवांनी चिठ्ठीवर लिहून दिला आहे. रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या रंगीत माशांचे काय करावे? प्रश्न रास्त आहे. अशा माशाला उघड्या तळावर ठेवणे म्हणजे छळच. तो रात्री काचेवर तोंड घाशीत राहतो. शक्यतो तो आणूच नये. आणायचाच असेल तर पसरट काचेच्या वाडग्यात बोथट कणांची, स्वच्छ धुतलेली बारीक वाळू तीन इंच भरून तो वाडगा खडकाच्या आडोशाला ठेवावा. दिवे मालवले की मासा आपण होऊन त्यात शिरतो. महिन्यातून एकदा, दिवसा, मासा बाहेर हिंडत असताना वाडगा अलगद उचलावा आणि बदलायला काढलेल्या खाऱ्या पाण्यातच वाळू खळबळून परत ठेवावा. या माशांना उडी मारण्याची सवय असते, तेव्हा पेटीवर जाळीचे झाकण हवेच.